पलंबरमधला बी

सुखराम बिसेन नळ दुरुस्त करायला आले की आधी प्रश्न विचारत. पिशवी खाली ठेवायची, भिंतीला टेकून बसायचं, गमछ्यानं मान पुसायची आणि विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत पाना पिशवीबाहेर निघत नसे. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते बोलावल्यापासून नवव्या दिवशी. नऊ दिवस मी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखाली बादली लावत होते, भरली की उपसत होते आणि पुन्हा लावत होते. त्या दिवशी माझी कॉलेजला निघायची वेळ झालेली, हातात तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा, आणि दारात हा पंचावन्नच्या आसपासचा उंच, रापलेला माणूस. मी नळाकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मॅडम, तुमी इंग्रजी शिकवता म्हनते.”

“हो. नळ तिकडे आहे.”

“मंग सांगा. पलंबर लिवतांना मंधात बी टाकते. बोलतांना तं टाकत नाई. मंग लिवाले काऊन टाकते?”

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि तरी बसून राहिले. झालं होतं असं की कामठ्याला, त्यांच्या गावी, घरावर पाटी लावायची होती. रंगाऱ्यानं इंग्रजीत लिहिलं, बी न घालता. कुणा शिकलेल्या माणसानं ती वाचून हसायला सुरुवात केली, मग रंगाऱ्यानं दोन अक्षरांच्या मध्ये एक बारका बी कोंबला. बिसेनभाऊंना हसल्याचं काही वाटलं नव्हतं. जे अक्षर तोंडात येत नाही ते पाटीवर बसतं कसं, एवढंच त्यांना कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय त्यांचा हात चालत नव्हता.

आता मी शिक्षिका. शब्दाचा अर्थ विचारला की माझा राग निम्मा उतरतो, ही माझी खोड. मी त्यांना सांगितलं की हा शब्द फार जुना आहे. रोमन लोक शिशाला ‘प्लंबम’ म्हणायचे. त्यांचे पाण्याचे नळ शिशाचे असत, म्हणून शिशाचं काम करणारा तो प्लंबर. मधल्या काळात इंग्रज लोकही तो बी गाळूनच लिहायचे. मग त्यांच्यातल्या पंडितांना मूळ शब्दाची आठवण झाली आणि त्यांनी तो परत आणून बसवला. बोलणाऱ्यांनी मात्र तो काही उच्चारला नाही. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्या ओळंब्याचं इंग्रजी नावही ह्याच शब्दातून आलं, कारण ते वजन शिशाचं असायचं.

बिसेनभाऊंनी गमछ्यानं पुन्हा मान पुसली. मग म्हणाले, “म्हंजे तुमचा रंगारी चुकला नोता.”

“तुमचा रंगारी, बिसेनभाऊ. आणि नळ?”

“अना असली पलंबर मीच. बाकीचे आता पिलास्टिक जोडते. मी सीसा वतला आहो मॅडम, बारा साल.”

आणि ते शिसं ओतण्याबद्दल सांगत बसले. तरुणपणी ते एका ठेकेदाराकडे गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. तेव्हा बिडाचे मोठे पाइप असत. एका पाइपाचं तोंड दुसऱ्यात बसवायचं, फटीत तागाचा दोर ठोकायचा, बाहेरून मातीचं कडं करायचं आणि वरच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं. एका दमात ओतावं लागे. थांबलं की जोड कच्चा. मग थंड झालेलं शिसं छिन्नीनं ठोकून बसवायचं. हे सांगताना त्यांच्या हातात नसलेली पळी तिरकी होत होती. माझा पहिला तास बुडाला. नळ तसाच गळत राहिला, कारण वायसर आणायला म्हणून ते उठले आणि पुढं पाच दिवस आलेच नाहीत.

हे असं आमचं सुरू झालं. मी साताऱ्याकडची. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमुळं गोंदियात आले आणि इथलीच झाले, पण वेळेच्या बाबतीत मी काही इथली झाले नाही, निदान बिसेनभाऊंच्या तरी. फोन केला की पलीकडून ठरलेलं उत्तर येई, “येऊनच राहिलो मॅडम, रस्त्यातच आहो,” आणि त्याच वेळी मागं म्हैस ओरडलेली मला ऐकू येई. एकदा मी विचारलं, रस्त्यात म्हैस कुठून आली? ते शांतपणे म्हणाले, “रस्त्यातच तं राहते म्हशी.” दुसऱ्या कुणाला बोलवावं म्हटलं तर त्यांच्या हातचा जोड कधी गळला नाही. आमच्या कॉलनीत त्यांनी बसवलेला एकही नळ कुणाला परत उघडावा लागला नाही. काम इतकं चोख आणि माणूस इतका बेभरवशाचा, ह्यानं माझा जीव जास्तच वैतागे. वाईट कारागीर असता तर सोडून तरी देता आला असता.

शब्दाची गोष्ट कळल्यापासून मात्र त्यांचे सगळे प्रश्न शिशावर येऊन ठेपू लागले. रोमन लोक ओतताना तोंडावर फडकं बांधत होते का? त्यांचे पाइप किती वर्षं टिकले? आता शिशाचे नळ का करत नाहीत? मी उत्तरं देत गेले, कधी पोळ्या लाटताना, कधी केस विंचरताना. एका सकाळी ते बाथरूममधलं बेसिन बदलायला आले. जुनं काढून झालं होतं, भिंतीतून पाइपाची दोन उघडी तोंडं बाहेर आली होती. वाकलेल्या स्थितीतच त्यांनी विचारलं, “मॅडम, सीसा पोटात गेला तं काय होते?”

मी चहा गाळत होते. तिथूनच मोठ्यानं सांगितलं, “विष आहे ते. म्हणूनच तर बंद केले नळ. मोठ्यांना होतोच त्रास, पण लहान मुलांना फार वाईट. मेंदूवर परिणाम होतो. मूल मंद राहतं, बोलायला उशीर लागतो.” वर्गात फळ्याकडे तोंड करून सांगावं तसं सांगितलं. चहा घेऊन गेले तर ते हात धूत होते. चहा घेतला नाही. “येतो,” म्हणाले आणि गेले. पिशवी इथंच राहिली. नवं बेसिन खोक्यात, जुनं अंगणात, आणि भिंतीतल्या दोन तोंडांना चिंध्यांचे बोळे.

एक आठवडा गेला, दोन गेले. फोन बंद. आम्ही नवरा-बायको अंगणातल्या नळावर दात घासत होतो आणि शेजारीपाजारी येताजाता चौकशी करत होते. तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी माझ्या सहनशक्तीचा बांध फुटला. त्यांची पिशवी स्कूटीच्या पुढ्यात ठेवली आणि मी कामठ्याला निघाले. वाटभर, त्यांना काय काय बोलायचं, त्याची उजळणी केली. तुमच्या भरवशावर लोकांनी तोंडं धुवायची की नाही, इथपासून सुरुवात होती.

घर सापडायला वेळ लागला नाही, तो कोंबलेला बी दुरूनच दिसला. ओसरीवर त्यांची बायको कौसाबाई लसूण सोलत बसली होती, आणि तिच्याजवळ तिशीतली एक अंगानं भरलेली मुलगी. दोन वेण्या, रिबिनी बांधलेल्या. मला बघून ती हसली आणि तिनं लसणाची एक पाकळी माझ्यापुढं धरली. “सुमन. पोरगी माही,” कौसाबाई म्हणाली. “बोलत नाई जास्त. बसा बाई. ते मांगं आहेत.”

मागच्या अंगणात बिसेनभाऊ माती चाळत होते. परसातली हातभर खोल जमीन खणून, रेती चाळायच्या मोठ्या चाळणीतून ते ती माती घालत होते. बाजूला एका डब्यात वाटाण्याएवढ्या मातकट गोळ्या साठल्या होत्या. मी उजळणी केलेली सगळी वाक्यं तोंडात तशीच राहिली.

“हे काय करताय?”

“सीसा आहे,” ते म्हणाले. चाळणी थांबवली नाही. “कामावरचा उरला सुरला मी घरी आनत होतो. इथं चुलीवर गाळून गोळ्या करो. मासे धरनारे ढिवर लोक नेत, जाळ्याले लावाले. सुमी लहान होती. तिले त्या गोळ्या लय आवडत. चमकत होत्या ना. खेयाले देत होतो मी तिले.” मग ते थांबले. “तोंडात टाकत होती मॅडम. मी पायलो आहो माह्या डोयानं. हासत होतो मी.”

सुमन तेव्हा आमच्या मागं येऊन उभी होती. तिनं डब्यात हात घातला तसा त्यांनी तो डबा झटकन उचलला, इतक्या जोरात की ती दचकली आणि रडायला लागली. कौसाबाई ओसरीवरून आली, मुलीला घेऊन गेली, जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला पुढं महिन्याभरानं कळला.

मी त्यांना खूप समजावलं. असं एका गोष्टीवर खापर फोडता येत नाही, कारणं अनेक असतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नसतं. पण हे सगळं मी आधी, चहा गाळताना सांगायला हवं होतं. शेवटी मीच म्हटलं, चला, नागपूरला दाखवू. माझ्याच्यानं आता दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं गेलो. ठरलेल्या गाडीला बिसेनभाऊ माझ्या आधी येऊन उभे होते. त्यांना वेळेवर आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही. दवाखान्यात चार तास बसलो. सुमन खिडकीतून रस्ता बघत पेरू खात होती. आत गेल्यावर डॉक्टरांनी, एक शांत स्वभावाच्या बाई होत्या, सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की तीस वर्षांपूर्वी शरीरात काय गेलं होतं आणि त्यानं काय केलं, हे आज खात्रीनं सांगता येणार नाही. रक्त तपासू, पण ते आजचं सांगेल, तेव्हाचं नाही.

“अंदाजानं सांगा,” बिसेनभाऊ म्हणाले.

“अंदाजानं सांगून तुम्हाला काय मिळणार, काका?”

“मले पक्कं मिळंल ना.”

“अंदाज पक्का नसतो.”

“मंग तुमी कायले शिकल्या जी?”

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रिपोर्ट आठवड्यानं माझ्या मोबाइलवर आला. सुमनच्या रक्तात शिसं विशेष नव्हतं. मी फोन करून आनंदानं सांगितलं. ते म्हणाले, “आताचं नाई. पन तवाचं होतं का?” मी म्हटलं, ते कळणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. “मंग रिपोट कायले काढला?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या वेळी खरं सांगायचं तर त्यांची दया येण्यापेक्षा मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. उत्तर नाही, हेही एक उत्तर असतं, हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

पुढं त्यांनी जे केलं त्यानं सारं गाव हैराण झालं. बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर जाऊन ते मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांची शिशाची वजनं मागू लागले. बदल्यात स्वतः कापून आणलेले लोखंडी तुकडे देत. लोखंड गंजतं, सूत कुजवतं, म्हणून ते लोक शिव्या देत. बिसेनभाऊ शिव्या ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी परत जात. लहान मुलांच्या घरातलं तेवढं शिसं त्यांनी उचललंच. घरावरची पाटी उतरवून त्यांनी पांढरी केली आणि मराठीत लिहवून घेतली, ‘येथे नळाची कामे करून मिळतील’. मी म्हटलं, अहो, जगभरच्या नळकाम करणाऱ्यांना तेच नाव आहे, त्या शब्दानं तुमचं काय बिघडवलंय? “असू द्या,” म्हणाले. “माह्या नावामांगं सीसा नको.”

माझं बेसिन मात्र अजून खोक्यातच होतं.

एक दिवस दुपारी कौसाबाई दारात उभी राहिली. सुमनला घेऊन एस.टी.नं आली होती. पाणी दिलं ते प्यायली नाही. म्हणाली, “बाई, तुमी त्यायच्या डोक्यात हा सीसा घातला. आता तुमीच काढा.”

मी काही बोलायच्या आत तिनं जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं. सुमन जन्मली तेव्हाच काळीनिळी होती. दोन दिवस कळा चालल्या होत्या. जन्मल्यावर रडली नाही. सुईणीनं उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, तेव्हा कुठं किती वेळानं आवाज निघाला. सुईण तेव्हाच म्हणाली होती, पोर मागं राहील. “गोळ्या तं ती चालाले लागल्यावर आल्या,” कौसाबाई म्हणाली. “अना ती चाललीच चार सालाची झाल्यावर. मी त्यायले कितीक डाव सांगतलं. आयकते, अना पुन्हा माती चाळते. दोष पायजे त्यायले बाई. कोनाचाच नाई म्हटलं तं चालत नाई.”

मी तडक त्यांना बोलावून घेतलं. बेसिन बसवायचं निमित्त सांगितलं आणि ते चक्क दुसऱ्या दिवशी आले. पिशवी ठेवली, बसले, पण प्रश्न विचारला नाही. मीच त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि कौसाबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. बाळाचा श्वास अडकला की काय होतं तेही सांगितलं, या वेळी शांतपणे, त्यांच्या तोंडाकडे बघत. मग म्हटलं, “शिशाचा काही वाटा नसेलच असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण तुमची मुलगी तुमच्या गोळ्यांच्या आधीपासून अशी आहे. हे तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“ठाऊक होतं.”

“मग कशासाठी स्वतःला खाताय इतके दिवस?”

ते पाना हातात घेऊन त्याचा स्क्रू पुढंमागं करत राहिले. “मी नोतो ना तिथं,” ते म्हणाले. “तिरोड्याकडे पाइप टाकून राहिलो होतो. निरोप आला तं ठेकेदार म्हने, एवढा जोड करून जा. मी जोड केला. मंग दुसरा केला. तिसऱ्या दिवशी घरी गेलो.” पाना त्यांनी फरशीवर ठेवला. “सीसा असता तं कसं, मी तिच्यासंग तरी होतो म्हटलं असतं. खेयत होतो तिच्यासंग.”

मी उठून बेसिनचं खोकं त्यांच्यापुढं उघडलं. त्यांनी बेसिन बसवलं, पाणी सोडून पाहिलं, जोडाखाली कोरडा हात फिरवून मला दाखवला, आणि गेले. त्यानंतर माती चाळणं थांबलं, असं कौसाबाईकडून कळलं. बोडीवरचं लोखंड वाटणं थांबलं नाही. आणि आमच्याकडचं उशिरा येणंही नाही.

ते गेले धान कापणीच्या दिवसांत. तीन दिवसांपासून मी त्यांना फोन करत होते, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेला होता. चौथ्या दिवशी त्यांच्या नंबरवरून फोन आला. नाव दिसताच मी बोलायला सुरुवात केली. माणसानं एकदा सांगावं तरी की येणार नाही, छत भिजून गेलंय, लोक काय कोरडे बसलेत का इथं, असं बरंच. पलीकडून कुणी मध्ये बोललं नाही. माझं संपल्यावर कौसाबाईचा आवाज आला, “ते गेले बाई, परवा. जेवून उठले अना ओसरीवरच बसले ते बसले.”

मी म्हटलं, “मला माफ करा.”

“नाई जी. रागवा. तुमचं रागावनं त्यायले लय आवडे.”

मला वाटलं, समजूत काढायला म्हणतेय. दुसऱ्या दिवशी मी कामठ्याला गेले. ओसरी बायकांनी भरली होती. सुमन मधोमध बसली होती, नव्या रिबिनी बांधून, काय चाललंय ते अर्धं समजून. मला पाहिल्यावर ती उठली. तिनं साडी खोचावी तसा ओढणीचा पदर कमरेला खोचला, एक हात कमरेवर ठेवला, भुवया वर चढवल्या आणि दुसऱ्या हाताचं बोट हलवत, स्पष्ट आवाजात, साताऱ्याच्या हेलात म्हणाली, “बिसेनभाऊ, किती वाजले? घड्याळ बघता येतं ना?”

बायका वळून बघू लागल्या. कौसाबाईनं मला हळूच सांगितलं, रोज घरी आल्यावर ते माझी नक्कल करत, आणि मग तिच्याकडून करवून घेत, ती बरोबर करीपर्यंत. जेवायला बसण्याआधी हा त्यांचा खेळ असे. ती सुमनचा हात धरून तिला खाली बसवायला लागली.

“राहू द्या,” मी म्हटलं. सुमन माझ्याकडे बघत होती, कमरेवर हात तसाच, जमलं का हे विचारावं तशी. मी चप्पल काढून तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, “आणखी एकदा कर.”